यंत्राचे निदान आणि मनुष्याचा दोष

यंत्र मोडले म्हणजे मनुष्याच्या तोंडून दोन प्रश्न एका दमात बाहेर पडतात. ‘हे कशाने झाले?’ हा पहिला, आणि ‘हे कोणी केले?’ हा दुसरा. व्याकरणदृष्ट्या ह्या दोहोंत एका सर्वनामाचा आणि एका क्रियापदाचाच काय तो भेद. परंतु पहिल्याचे उत्तर हातात पाना घेऊन शोधावे लागते, आणि दुसऱ्याचे उत्तर बहुधा आपल्यापाशी आधीपासून तयार असते. प्रस्तुत लेखात आम्हास ह्या दोन प्रश्नांचा परस्परसंबंध तपासावयाचा आहे. कारण आणि दोष ह्या वस्तू भिन्न आहेत काय, भिन्न असल्यास कारण कोठे संपते व दोष कोठे सुरू होतो, आणि ज्यास कारण कळले त्याच्यावर ते बोलून दाखविण्याची जबाबदारी येते किंवा नाही, हा आमच्या विवेचनाचा विषय होय. असले प्रश्न युद्धे, दुष्काळ, राज्यक्रांत्या अशा भव्य उदाहरणांनी मांडण्याची वहिवाट आहे. आम्ही मुद्दाम एक लहान उदाहरण घेत आहो: पुण्यातील एखाद्या वाड्याच्या किंवा सोसायटीच्या दारात अजूनही उभी असलेली जुनी बजाज चेतक, आणि एके दिवशी फुटलेले तिचे इंजिन.

उदाहरण हलके वाटल्यास वाचकांनी क्षणभर थांबावे. पुण्याच्या मध्यमवर्गीय संसारात ह्या वाहनाने जी जागा व्यापली ती दुसऱ्या कोणत्याही यंत्रास मिळालेली नाही. बजाज मंडळींनी १९४८ पासून परदेशी दुचाक्या व तिचाक्या आणून विकण्यास आरंभ केला. १९५९ साली सरकारकडून त्या येथेच तयार करण्याचा परवाना मिळाला. पुढे इटलीतील पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने आकुर्डीच्या कारखान्यातून व्हेस्पा बाहेर पडू लागली. तो करार १९७१ साली संपला, आणि १९७२ मध्ये महाराणा प्रतापाच्या घोड्याचे नाव धारण करणारी चेतक आली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी, नंबर लागला म्हणजे पेढे वाटावेत, दसऱ्यास झेंडूची माळ घालावी, आणि पुढे उभे एक मूल, मागे आडवी बसलेली गृहिणी, तिच्या मांडीवर दुसरे मूल व पायापाशी मंडईची पिशवी अशा थाटात सारे कुटुंब सिनेमास न्यावे, हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा जुना पुणेकर सापडणे कठीण. अशा घरात वडील वारल्यावर त्यांचा चष्मा, त्यांची घडी आणि त्यांची स्कूटर ह्या तीन वस्तूंचे काय करावे हे कोणासच ठरविता येत नाही. तेव्हा त्या स्कूटरच्या इंजिनाचा मृत्यू ही केवळ लोखंडाची गोष्ट राहत नाही.

शिवाय हे इंजिन विचारास फार सोयीचे आहे. ५७ मिलिमीटर व्यासाचा एक सिलिंडर, त्यात तितकेच अंतर वरखाली धावणारा ॲल्युमिनियमचा एक पिस्टन, त्यास खाली जोडलेला कनेक्टिंग रॉड आणि त्या रॉडमुळे फिरणारा क्रँक: दीडशे सी.सी. म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या १४५.४५ घन सेंटिमीटरच्या प्रपंचात हलणारे मुख्य भाग एवढेच. व्हॉल्व्ह नाहीत, तेलाचा पंप नाही. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण प्रथम पिस्टनच्या खाली, क्रँकच्या कोठडीत येते, तेथून वर चढते, पेटते आणि साइलेन्सरवाटे निघून जाते. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यास एक स्फोट, आणि फेरे मिनिटास चार-पाच हजार. इंजिनास लागणारे ऑइल पेट्रोलातच मिसळून द्यावयाचे असते, लिटरास सुमारे २० मिलिलिटर. पेट्रोलपंपावरचा पोऱ्या हाताने दट्ट्या दाबून ते ओतीत असे आणि मालक ते नीट पडले की नाही हे मान वाकवून पाहत असे, हे अनेकांस आठवत असेल.

ह्या रचनेतील एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढचे सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. पेट्रोल आणि ऑइल ही दोन्ही एकाच दाराने आत येतात. म्हणून ज्या कारणाने पेट्रोल कमी पडेल त्याच कारणाने ऑइलही कमी पडेल. हवेच्या मानाने पेट्रोल कमी झाले की इंजिन तापते, आणि नेमके तापत असतानाच ते कोरडेही पडू लागते. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुपटीने फुगते, आणि त्या दोहोंमधील फट एक-दोन दशांश मिलिमीटरची. फट भरली, मधला तेलाचा पापुद्रा जळाला, की पिस्टन सिलिंडरच्या भिंतीस चिकटतो. मिस्त्री ह्यास ‘इंजिन सीझ झाले’ असे म्हणतात.

आता एक प्रसंग कल्पू. वडिलांच्या आजारपणात आणि निधनानंतर तीन वर्षे जिन्याखाली उभी असलेली चेतक मुलाने बाहेर काढली. पेट्रोल बदलले, प्लग बदलला, गाडी उजवीकडे कलती करून दोन किका मारल्या, आणि ती सुरू झाली. (ही गाडी कलती करण्याची क्रिया पुण्यातील लोकांनी संध्येतील आचमनाइतक्या निष्ठेने पाळलेली आहे; तिचे शास्त्र विचारू नये.) थोड्याच दिवसांत असे दिसून आले की, सिग्नलपाशी ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन खाली बसत नाही, आपल्याशीच मोठ्याने ओरडत राहते. मुलगा गल्लीतील मिस्त्रीकडे गेला. त्याने कार्बोरेटर साफ केला, आयडलिंगचा स्क्रू थोडा सैल केला, ओरडणे थांबले. पैसे विचारता ‘राहू द्या, पुढच्या वेळी बघू’ असे म्हणाला. पंधरा दिवसांनी, मे महिन्यातील दुपारी, मुलगा आईस मागे बसवून नारायणपुरास निघाला. कात्रजचा घाट चढताना जोर कमी झाला, एक कर्कश चीत्कार झाला आणि मागचे चाक जागच्या जागी आवळले. मुलाने चटकन क्लच दाबला, गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासाने किक बसू लागली; इंजिन खडखडत का होईना, पण चालू झाले. जुना बोगदा ओलांडला. उतारावर त्याने ॲक्सिलरेटर बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली, आणि दुसऱ्याच वळणावर खाड्कन आवाज होऊन रॉड मोडला, क्रँककेस फोडून बाहेर आला, चाक अडकले, गाडी आडवी झाली. आईचे मनगट मोडले.

घरी आल्यावर निकाल लागण्यास संध्याकाळही पुरली नाही. थोरले काका म्हणाले, पंपावर ऑइल कमी घालतात. शेजारी म्हणाले, मिस्त्रीने आठवड्यापूर्वीच हात लावला होता, तेथेच पाणी मुरते आहे. बहीण म्हणाली, हा गाडी हाणतोच तशी. कोणी म्हणाले, हल्लीचे पार्ट डुप्लिकेट. कोणी म्हणाले, बाबांची वस्तू होती, त्यांच्याबरोबर गेली. मुलगा काही बोलला नाही. त्याने मनातल्या मनात स्वतःस दोषी ठरवून टाकले. ह्या सर्व निकालांत एक गोष्ट समान आहे. इंजिन अद्याप कोणी उघडलेले नाही. प्रत्येकाने ज्याच्यावर त्याचा आधीपासून राग होता त्याच्या पदरात तो मोडका रॉड टाकला. दोषाची भूक ही कारणाच्या जिज्ञासेहून जुनी आणि अधिक चपळ आहे; ती पुरावा येण्यापूर्वी जेवून उठते, आणि मग पुरावा आला तरी त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आमच्या मते दोषदृष्टीचे खरे नुकसान हे आहे. ती निष्ठुर असते म्हणून वाईट असे नव्हे, काही प्रसंगी निष्ठुरता योग्यच असते. ती चौकशी थांबविते म्हणून वाईट.

आपल्या भाषेत ‘निदान’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. संस्कृतात त्याचा जुना अर्थ बांधण्याचे दावे असा. तेथून तो मूळ कारण आणि पुढे रोगपरीक्षा ह्या अर्थांस पोहोचला. माधवकराच्या ‘रोगविनिश्चय’ ग्रंथास आपण ‘माधवनिदान’ ह्याच नावाने ओळखतो. मराठीने त्यास आणखी एक अर्थ दिला: ‘निदान एवढे तरी करा’ असे आपण म्हणतो, म्हणजे कमीत कमी. वैद्यांनी रोग जाणण्याची पाच साधने सांगितली आहेत, आणि ती आमच्या स्कूटरला इतकी चपखल बसतात की, आश्चर्य वाटावे. हेतू म्हणजे मूळ कारण. पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्यापूर्वीची सूचना. सिग्नलवर इंजिन खाली न बसणे हे पूर्वरूप होते, कारण मिश्रणात हवा जास्त झाल्याची ती ओळखीची खूण आहे. रूप म्हणजे घाटातील आवळलेले चाक. उपशय म्हणजे उपचार करून पाहून रोग ओळखणे: चोक ओढल्यावर जर इंजिन अधिक सुरळीत चालू लागले तर पेट्रोल कमी पडत आहे असे समजावे, हा प्रत्येक जाणता मिस्त्री करीत असलेला उपशयच होय. आणि संप्राप्ती म्हणजे हेतूपासून रूपापर्यंत रोग कोणकोणत्या पायऱ्यांनी आला ह्याची संगती. ह्या पाचांपैकी शेवटचे अंग सर्वांत कठीण आहे, आणि दोष देण्याची घाई झालेल्या मनुष्यास ते नेमके नको असते, कारण पायऱ्या मोजू लागले की पुष्कळ माणसे भेटतात.

तेव्हा इंजिन उघडू. येथे पहिला नियम असा की, काही पुसावयाचे नाही. काळे तेल दिसले की चिंधी पुढे येते. पण ते तेल हाच साक्षीदार असतो. प्लग काढून त्याचा रंग पाहावा. तपकिरी असला तर मिश्रण ठीक, काळाभोर ओला असला तर पेट्रोल जास्त, पांढुरका भाजल्यासारखा असला तर पेट्रोल कमी व उष्णता अधिक. हेड काढून पिस्टनचा माथा पाहावा. त्यास भोक पडले असते तर गोष्ट निराळी, ठिणगीच्या वेळेचा विचार करावा लागला असता. पिस्टन बाहेर काढून त्याच्या अंगावरील ओरखडे वाचावेत. चारी बाजूंस सारखे ओरखडे असले तर फट मुळातच कमी होती किंवा थंड इंजिन एकदम दामटले असा संशय येतो. सिलिंडरच्या भिंतीवर एकच खोल उभी चर असली तर पिस्टनपिनची सर्किट-क्लिप निसटलेली असते, आणि तो बसविणाऱ्याचा हलगर्जीपणा असतो. आमच्या कल्पित पिस्टनवर ओरखडे साइलेन्सरच्या बाजूस आहेत, जेथे उष्णता सर्वाधिक. रिंगा वितळलेल्या ॲल्युमिनियमने आपल्या खाचांत चिकटून बसल्या आहेत. क्रँकवरील रॉडचे बेअरिंग तापून निळे पडले आहे. प्लग पांढुरका. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि म्हणून ऑइलही कमी.

पण पेट्रोल कमी का पडले? काकांचे मत खरे असते, पंपावर नुसते ऑइलच कमी पडले असते, तर कोरडेपणाच्या खुणा सापडल्या असत्या, पण प्लग असा पांढरा होण्याचे आणि इंजिन सिग्नलवर ओरडण्याचे कारण नव्हते. कार्बोरेटरचे जेट उजेडात धरले, ते स्वच्छ आहे. मिस्त्रीने आपले काम नीट केले होते. मग फ्लायव्हील काढले, आणि त्याच्या मागच्या ताटलीवर ऑइलमिश्रित काळा चिकटा दिसला. कोरडी असावयाची जागा ओली. क्रँकच्या दोन्ही टोकांस रबरी ऑइल सील असतात. क्लचकडचे गेले तर गिअरचे ऑइल आत ओढले जाते आणि धूर पांढरा निघतो. फ्लायव्हीलकडचे गेले तर बाहेरची हवा आत येते आणि धूर येत नाही, काहीच येत नाही, म्हणून ते अधिक घातक. तीन वर्षे जिन्याखाली उभ्या असलेल्या गाडीचे सील वाळून ताठ झाले होते. त्याच्या ओठावर बारीक चिरा आहेत. निदान झाले.

झाले काय? नैयायिकांस हे मान्य होणार नाही. कार्याच्या आधी नियमाने असणारे आणि अन्यथासिद्ध नसणारे ते कारण, असे त्यांचे म्हणणे. विश्वनाथाच्या मुक्तावलीत अन्यथासिद्धाचे उदाहरण म्हणून कुंभाराचे गाढव आणले आहे. मडके होण्यापूर्वी माती वाहणारे गाढव तेथे होते हे खरे. परंतु माती डोक्यावरून आणली असती तरी मडके झालेच असते. आठवड्यापूर्वी मिस्त्रीने हात लावला, म्हणून त्याने बिघडविले, हा शेजाऱ्यांचा तर्क शुद्ध गाढवाचा आहे. राग येऊ नये, आम्ही शास्त्रीय उदाहरणातील गाढवाविषयी बोलत आहो. परंतु घाटाचे काय? चढ नसता, दोघांचे ओझे नसते, मे महिन्याची दुपार नसती, तर ते चिरलेले सील आणखी महिनाभर शहरात तग धरते. उलट ह्याच घाटातून रोज शेकडो गाड्या जातात. आणि उतारावर ॲक्सिलरेटर बंद करून गिअरमध्ये गाडी सोडणे, जी चारचाकीत उत्तम सवय समजतात, तिचा ह्या इंजिनावरील परिणाम पाहा: चाकामुळे क्रँक वेगाने फिरतच आहे, पण पेट्रोल बंद म्हणून ऑइलही बंद. आधीच होरपळलेल्या बेअरिंगवर शेवटचा घाव तेथे पडला. शास्त्रात ह्यांस निमित्तकारणे म्हणता येईल. मराठीने ‘निमित्त’ ह्या शब्दास बहाण्याचा अर्थ देऊन टाकला, हे भाषेचे मार्मिक भाष्य आहे.

आता आम्ही मूळ मुद्द्यास येतो. ह्या साखळीत एक दुवा असा आहे की जेथे कारण आणि दोष एकमेकांस स्पर्श करतात, आणि तो दुवा म्हणजे आयडलिंगचा स्क्रू. इंजिन ओरडत होते. ते सांगत होते. मालकास ओरडणे नको होते, मिस्त्रीने ते बंद केले. दोघांच्याही वागण्यात दुष्टपणा तर नाहीच, पण साधा उर्मटपणाही नाही. मिस्त्रीने पैसे घेतले नाहीत. मुलगा कामावर जाण्याच्या घाईत होता, त्यास थांबवून ‘फ्लायव्हील उघडावे लागेल, गाडी दोन दिवस ठेवा’ असे सांगणे मिस्त्रीस जड गेले. हा पैसे काढू पाहतो असा समज होईल, ही त्यास भीती. मुलानेही ‘असे का होते?’ असे विचारले नाही. उगीच त्याच्या कामात लुडबूड कशास, हा संकोच. परस्परांस अडचणीत न टाकण्याच्या सौजन्याने दोघांनी मिळून एक लक्षण पुसून टाकले. मोठे अपघात मोठ्या पापांतून निघतात अशी आपली समजूत असते. ते पुष्कळदा असल्या भिडेतून निघतात.

वाचकांस हे अतिशयोक्त वाटत असल्यास त्यांनी २८ जानेवारी १९८६ चा दिवस आठवावा. अमेरिकेचे चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि सात माणसे गेली. तेथेही अखेरचे कारण एक रबरी सीलच निघाले. रॉकेटच्या जोडांतील ते कडे थंडीने ताठ होऊन आपली जागा धरू शकले नाही. परंतु चौकशीत त्याहून महत्त्वाचे जे उघड झाले ते असे: पूर्वीच्या उड्डाणांत त्या कड्यांची झीज झालेली दिसली होती, आणि काही वाईट घडले नाही म्हणून ती झीज हळूहळू चालण्याजोगी मानली गेली, आदल्या रात्री रॉकेट बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी एवढ्या थंडीत उड्डाण करू नये असे सांगितले होते, आणि वरिष्ठांनी ते बाजूस सारले. सात जिवांची आणि एका मनगटाची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु सूचना मिळणे, तिची सवय होणे आणि ती अडचणीची वाटून दाबली जाणे, हा क्रम कात्रजला आणि फ्लोरिडात एकच आहे. भेद आहे तो दोषाच्या मात्रेत. फ्लोरिडात जाणणाऱ्यांनी स्पष्ट सांगितले होते आणि निर्णय करणाऱ्यांनी ते ऐकले होते; जेथे ज्ञान आणि सामर्थ्य ही दोन्ही एकत्र होती तेथे दोष पूर्ण होतो. आमच्या गल्लीत ज्ञान एकाकडे अर्धवट होते आणि सामर्थ्य दुसऱ्याकडे. तेथे दोष वाटला जातो. वाटला गेल्याने तो नाहीसा होत नाही, हे मात्र सांगितले पाहिजे, कारण ‘सर्वांचाच थोडाथोडा’ असे म्हणून हात झटकणे ही पळवाट आपल्याकडे फार लोकप्रिय आहे.

ह्यातूनच मिस्त्रीच्या कर्तव्याचा प्रश्न उत्पन्न होतो. न विचारता सत्य सांगण्यास तो बांधलेला आहे काय? नवा पिस्टन, नव्या रिंगा, सिलिंडरास नवा बोअर, क्रँकला नवा रॉड, फुटलेल्या क्रँककेसच्या जागी दुसरी, एवढे बसवून तो गाडी परत देऊ शकतो. ती सुरू होईल, चकचकीत दिसेल, आणि सील तेच राहिले तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जाईल. अशी दुरुस्ती हे आमच्या मते चालते-बोलते असत्य होय, मग तीत एकही खोटा शब्द उच्चारलेला नसो. तेव्हा होय, तो बांधलेला आहे. परंतु एवढे म्हणून आम्ही थांबलो तर तो अन्याय होईल, कारण सत्य सांगण्यास वेळ लागतो आणि तो वेळ कोणी विकत घेत नाही. डॉक्टरने नाडी पाहून ‘काळजी नको’ म्हटले तर आपण निमूटपणे फी देतो. वकिलाने कागद वाचून मान हलविली तरी देतो. मिस्त्रीने दोन तास इंजिनापाशी बसून कोणताही पार्ट न बदलता कारण शोधले, तर आपण विचारतो, ‘नुसते पाहण्याचे कसले पैसे?’ पार्टची किंमत आपणास मान्य, कारण तो हातात धरता येतो. मजुरीत घासाघीस करावयाची. आणि विचाराचे मोल शून्य. मग तो पार्ट बदलून पोट भरू लागला तर त्यास अप्रामाणिक कोणी केले? शर्टाच्या बाह्या मळलेल्या मनुष्याचे डोके चालते हे मान्य करण्यास आपला सुशिक्षित वर्ग अजून मनापासून तयार नाही. नाना पेठेत पार्टसाठी चार दुकाने हिंडून भाव पाडणाऱ्या आणि तेवढ्याने आपण हुशार ठरलो असे मानणाऱ्या गृहस्थांस हे कटू वाटेल, वाटू द्यावे.

राहता राहिला तो मुलगा, ज्याने रात्रभर स्वतःसच दोषी धरले. त्याच्याविषयी सहानुभूती वाटते, आणि पुष्कळ लोक त्याच्या वृत्तीस सद्गुण म्हणतील. आम्ही म्हणत नाही. ‘माझ्यामुळेच झाले’ हा निकालही इंजिन न उघडताच दिलेला आहे. तोही चौकशी थांबवितो, आणि वर नम्रतेचे पांघरूण असल्यामुळे त्यास कोणी हटकीत नाही. त्याने वेगाने गाडी हाणली नव्हती. घाटात क्लच दाबून त्याने प्रसंगावधानच दाखविले. त्याच्या पदरी खरोखर येतो तो दोष लहान आणि अगदी नेमका आहे: पहिल्या वेळी इंजिन आवळल्यानंतर, ते का आवळले हे न पाहता, केवळ किक बसली म्हणून तो आईस मागे घेऊन पुढे निघाला. हा दोष जाणणे त्यास उपयोगाचे आहे, कारण पुढच्या वेळी तो थांबेल. ‘मी अभागी, माझ्या हातून बाबांची गाडी गेली’ ह्या शोकाने काहीही कळत नाही.

आज हा प्रश्न काहीसा बदलत्या काळाच्या उंबरठ्यावर उभा आहे. चेतकचे ते पेट्रोलचे इंजिन बनणे ह्या शतकाच्या पहिल्या दशकातच थांबले. जानेवारी २०२० मध्ये त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर पुण्यात व बंगळुरास विक्रीस आली. तिच्यात पिस्टन नाही, रॉड नाही, ऑइल नाही, आणि बिघाड झाल्यास एक उपकरण जोडून सांकेतिक क्रमांक वाचावयाचा. क्रमांक खोटे बोलणार नाही असे आपण धरून चालू. परंतु तो क्रमांक का उमटला हे विचारण्याची गरज त्यामुळे नाहीशी होत नाही, ती फक्त गल्लीतून कारखान्यात जाते. इकडे जुन्या गाड्या जतन करणारी तरुण मंडळी बुधवारी व रविवारी जुन्या बाजारात पत्र्याच्या ढिगांतून भाग हुडकताना दिसतात, आणि जुने मिस्त्री वृद्ध होत चालले आहेत.

आमच्या कल्पित कुटुंबापुढे मात्र अद्याप निर्णय पडलेलाच आहे. क्रँककेस फुटली आहे, आणि इंजिनाचा क्रमांक कोरलेला असतो तो त्या क्रँककेसवरच. दुसरी बसविली तर आर.टी.ओ.च्या दप्तरी नोंद बदलून घ्यावी लागेल, आणि ती बाबांचीच गाडी राहिली काय, असा प्रश्न आई हाताला प्लास्टर असतानाही विचारणार. दुरुस्ती करावी की भंगारात द्यावी ह्यात आम्ही पडत नाही. इंजिन उघडेल त्या दिवशी मुलाने तेथे जावे, लाकडी स्टुलावर बसावे, घाई करू नये, आणि त्या दोन तासांचे पैसे आधीच ठरवून द्यावेत. जाणता मिस्त्री पाना हातात घेण्यापूर्वी त्यास एक प्रश्न विचारील: ‘गाडी किती दिवस उभी होती?’